तंजावरचे केसपेपर

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरत येतो. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरचा एक मराठा राजा स्वतःच्या हातांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत होता, आणि तेव्हा युरोप अंधारात चाचपडत होता, असा त्याचा मथितार्थ. शेवटी भगवा झेंडा, हात जोडलेले आणि ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा’. काका तो पाठवतात, मावशी त्याला अंगठा दाखवते, आणि विषय तिथेच संपतो.

या मेसेजचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसरा अर्धा साफ खोटा. खऱ्या भागातली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र मेसेजमध्ये येतच नाही, आणि हा लेख तिच्यासाठी लिहिते आहे. त्या राजाने डोळ्यांवर उपचार केले ही बातमी म्हणून मोठी गोष्ट आहे. पण त्या उपचारांचे केसपेपर ठेवले गेले, ते इंग्रजीत आणि मोडीत लिहिले गेले आणि आजही वाचता येतात, ही इतिहास म्हणून त्याहून मोठी गोष्ट आहे.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. इंजिनिअरिंग केलं, बोरीवलीत राहते, आणि गेली चार वर्षं रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. रुग्ण दारातून आत आल्यापासून बिल भरून बाहेर पडेपर्यंत त्याच्याबद्दल जे काही टाइप होतं, ते कुठल्या रकान्यात जाऊन बसावं हे ठरवणं माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे ‘राजाने शस्त्रक्रिया केली’ हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो धंद्याचाच: नोंद कुठे आहे?

किल्ल्यापुरता राजा

सांबाराची दंतकथा आणि सोन्याचा वर्ख लावलेली चित्रं यापलीकडे तंजावर आपल्याला फारसं माहीत नसतं. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांची गादी स्थापन केली. तमिळ प्रजा, तेलुगू नायकांकडून आलेला दरबारी वारसा आणि मराठी राज्यकर्ते असं ते मिश्रण होतं. दप्तर मोडीत चाले, पदं तेलुगूत गायली जात, शास्त्रं संस्कृतात लिहिली जात, आणि बाजारात तमिळ.

याच घराण्यातले सरफोजी दुसरे. जन्म १७७७ सालचा. तुळजाजींनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतलं आणि थोड्याच काळात ते वारले. गादी अमरसिंहांकडे गेली. दहा वर्षांच्या दत्तकपुत्राचं काय होतं हे आपल्या इतिहासात पुष्कळदा पाहिलेलं आहे. इथे मात्र ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ नावाचा एक जर्मन मिशनरी त्यांच्या पाठीशी उभा राहिला. मुलाचं शिक्षण त्याच्या देखरेखीखाली झालं, पुढे काही वर्षं मद्रासमध्ये. १७९८ साली कंपनीने अमरसिंहांना बाजूला करून सरफोजींना गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, त्याची किंमत वसूल केली. तहानुसार राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला १ लाख पॅगोडा आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा.

म्हणजे बाविसाव्या वर्षी या माणसाच्या हातात पैसा होता, शिक्षण होतं, भरपूर वेळ होता, आणि राज्य नव्हतं. अशा राजांनी काय केलं याचे नमुने हिंदुस्थानभर आहेत: शिकार, नाच, कर्ज. सरफोजींनी पुस्तकं मागवली. छापखाना घातला आणि त्यावर देवनागरीत मराठी पुस्तकं छापली. १८०६ साली तिथे छापलेली ‘बालबोध मुक्तावली’, म्हणजे इसापच्या गोष्टी, हे मराठीतल्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी एक. प्रवाशांसाठी आणि गरिबांसाठी छत्रं चालवली, त्यांत शाळा आणि औषधोपचारांची सोय केली. दरबारात खऱ्या माणसाची हाडं ठेवणं धर्माला धरून झालं नसतं, म्हणून शरीररचना शिकायला कृत्रिम सांगाडा मिळवला. बिशप हेबर १८२६ मध्ये त्यांना भेटला तेव्हा हा राजा लाव्हाझिए, लिनियस आणि बफों यांच्याबद्दल सहज बोलतो हे पाहून चकित झाला होता.

आणि त्यांनी ‘धन्वंतरी महाल’ उभा केला. तिथे देशी औषधं तयार होत, पारखली जात, रुग्णांवर उपचार होत. उपयोगी ठरलेले उपाय तमिळ पद्यात बांधले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते ग्रंथ ओळखले जातात, आणि त्यातला एक डोळ्यांच्या विकारांवरच आहे. शरभेंद्र हे सरफोजींचंच संस्कृत केलेलं नाव. औषधांची कृती पद्यात का, असा प्रश्न पडला तर उत्तर सरळ आहे: ज्या वैद्यांनी ती वापरायची, त्यांची शिकण्याची रीत पाठांतराची होती.

सुई आणि तिच्यानंतरचं

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. त्यावर दोनच मार्ग: भिंग वाटेतून सरकवा, नाहीतर बाहेर काढा.

सरकवण्याची रीत फार जुनी. सुश्रुतसंहितेत तिचं वर्णन आहे. बाजूने सुईसारखं हत्यार आत घालायचं आणि गढूळ भिंग ढकलून डोळ्याच्या आत मागे पाडायचं. बाहुलीसमोरचा पडदा बाजूला होतो आणि वर्षानुवर्षं अंधारात बसलेल्या माणसाला त्याच क्षणी उजेड दिसतो. यात जादू आहे आणि घातही. निखळलेलं भिंग आतच पडून राहतं. काही डोळे निभावून नेतात. पुष्कळ डोळ्यांत काही दिवसांनी, काही महिन्यांनी सूज येते, दाब वाढतो, ठणका लागतो, आणि आलेला उजेड कायमचा जातो.

तोवर सुईवाला पुढच्या गावी गेलेला असतो. हा आरोप नाही, त्या व्यवसायाची घडणच तशी होती. फिरत्या माणसाला मिळणारा पुरावा नेहमी पहिल्या दिवसाचा. पहिल्या दिवशी त्याचं काम जवळपास प्रत्येक वेळी यशस्वी दिसतं. शंभर डोळे केलेला सुईवाला स्वतःला मनापासून कुशल समजत असेल, कारण फसलेले डोळे त्याला कधी दिसलेच नाहीत. पुढे मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात काम केलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट या डॉक्टरने असे डोळे शेकड्यांनी तपासले आणि १९१७ साली त्यावर एक पुस्तकच लिहिलं. रुग्णालय एका जागी असल्यामुळेच ते त्याला शक्य झालं. सुईवाला निघून जातो, रुग्णालय जात नाही, आणि सुजलेला डोळा घेऊन माणूस शेवटी तिथेच येतो.

दुसरा मार्ग, भिंग बाहेर काढण्याचा, जाक दाविएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने १७४७ च्या सुमारास सुरू केला आणि १७५२ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे मांडला. बुबुळाच्या कडेला छेद घ्यायचा आणि भिंग बाहेर घ्यायचं. त्यामुळे युरोप अंधारात चाचपडत होता हे खरं नाही. सरफोजींच्या जन्माआधी पंचवीस वर्षं ही पद्धत तिकडे चर्चेत होती, आणि सरफोजींना ते माहीत असण्याची सोय होती. त्यांच्या ग्रंथसंग्रहात युरोपातली वैद्यकाची पुस्तकं होती आणि पदरी युरोपीय डॉक्टरांची ये-जा होती. त्यांचं मोठेपण युरोपाला हरवण्यात नाही. सुश्रुताची परंपरा, तमिळ औषधं आणि परदेशी पुस्तकं एकाच छपराखाली आणण्यात आहे.

एक गोष्ट डोळ्यांसमोर आणायला हवी: यातलं काहीही भूल न देता व्हायचं. ईथर आलं १८४६ मध्ये. डोळ्यात कोकेनचे थेंब घालून तो बधिर करता येतो हे कार्ल कोलरने दाखवलं १८८४ मध्ये. जंतूंचा विचार करून हत्यारं आणि जखमा स्वच्छ ठेवण्याची लिस्टरची शिकवण १८६७ ची. १८२०च्या दशकातला रुग्ण पूर्ण शुद्धीत, उघड्या डोळ्याने, आपल्याकडे येणारं हत्यार बघत असे. त्यानंतर कित्येक दिवस पट्टी बांधून, मान न हलवता पडून राहायचं, कारण छेद शिवायची सोय नव्हती.

पन्नास कागद

आता नोंदींकडे. २००३ साली एका नेत्रतज्ज्ञाला राजघराण्याच्या वारसांच्या मदतीने तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले हे कागद पाहायला मिळाले. त्यावरचा लेख २०१२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त आला. सरफोजींच्या नेत्रचिकित्सेसंबंधी ५० हस्तलिखितं, आणि त्यातल्या ४४ मध्ये एकेका रुग्णाची तपशीलवार हकीकत. बहुतेक शस्त्रक्रियांच्या नोंदी इंग्रजीत आहेत. मोडीतली मूळ हस्तलिखितं तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाच्या संग्रहात मिळाली. शस्त्रक्रिया कशी केली हे त्यांत आहे, आणि नंतर रुग्णाकडे कसं लक्ष ठेवलं हेही. डोळ्यांची रंगीत चित्रंही आहेत. दरबारी चित्रकारांची जी बोटं एरवी देवादिकांच्या डोळ्यांत प्राण भरायची, तीच इथे रोगट डोळा जसा आहे तसा उतरवत होती.

मी दोन वर्षांपूर्वी रविवारी जाऊन मोडीचे वर्ग केले. मोडीची आपल्याला सवय असते ती सनदा, वतनं, हिशेब आणि लढायांच्या बातम्यांची. त्या लिपीत एखाद्या माणसाच्या डोळ्याची हकीकत असावी, याने मी बराच वेळ थबकले. मोडी ही कामाची लिपी आहे, हात न उचलता भरभर लिहायची. एखादी गोष्ट मोडीत उतरली याचा अर्थ ती दरबाराच्या रोजच्या कामात शिरली होती. कुणाच्या तरी टेबलावर ती फाइल म्हणून येत होती.

४४ हा आकडा फार मोठा नाही. आज मुंबईत एखादं मोठं रुग्णालय एका दिवसात त्याहून जास्त मोतीबिंदू काढतं. पण आकडा किती यापेक्षा आकडा मोजता येतो याला महत्त्व आहे. सुईवाल्याचे डोळे मोजता येत नाहीत. तंजावरचे ४४ येतात.

दिसणं कशात मोजायचं

पुढचा मुद्दा माझ्या कामामुळे मला सुचला. आज डोळ्यांच्या दवाखान्यात पहिली गोष्ट होते ती तक्ता वाचणं. सहा मीटरवरून, वरच्या मोठ्या अक्षरापासून खाली. ६/६ म्हणजे सहा मीटरवरून जे दिसायला हवं ते सहा मीटरवरूनच दिसतं. ६/६० म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसेल त्यासाठी सहा मीटरवर यावं लागतं. हा तक्ता हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरने १८६२ साली काढला. डोळ्याच्या आत डोकावायचं उपकरण हेल्महोल्ट्‌झने केलं १८५१ मध्ये.

सरफोजी वारले १८३२ साली. त्यांच्या काळात जगात कुठेच दृष्टी आकड्यात मोजली जात नव्हती. ती शब्दांत सांगावी लागे. उजेड-अंधार कळतो का. समोर धरलेली बोटं मोजता येतात का. माणूस ओळखू येतो का. हाताला न धरता चालता येतं का. म्हणजे दिसतंय की नाही हे रुग्णालाच सांगावं लागे, आणि लिहिणाऱ्याला ते ऐकून घ्यावं लागे. त्याशिवाय नोंद पूर्णच होऊ शकत नव्हती.

आकडा आला आणि विज्ञानाला प्रचंड गती मिळाली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आकड्याशिवाय दोन रुग्णालयांची तुलना करता येत नाही, नवी पद्धत जुनीपेक्षा बरी हे ठरवता येत नाही. पण आकडा आल्यावर ऐकण्याची गरज कमी झाली हेही खरं.

माझ्या आजीचा मोतीबिंदू गेल्या वर्षी बोरीवलीतच काढला. बाभई नाक्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. डोळ्यात थेंब, दोन-तीन मिलिमीटरचा छेद, अल्ट्रासाउंडने भिंगाचा चुरा करून तो शोषून घेणं, जागी घडी घातलेलं नवं भिंग, टाके नाहीत. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर, दुपारी घरी. या प्रत्येक पायरीमागे एकेक आयुष्य आहे. हॅरॉल्ड रिडलीने १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, कण घुसले तरी डोळा चिडत नाही हे त्याने पाहिलं होतं. चार्ल्स केलमनने १९६७ मध्ये अल्ट्रासाउंडची पद्धत आणली. सुरुवातीला या दोघांनाही त्यांच्याच व्यवसायातून कडवा विरोध झाला.

आजीच्या फाइलमध्ये भिंगाची पॉवर आहे, त्याचा स्टिकर आहे, आधीचा आणि नंतरचा आकडा आहे. ‘तक्रार’ या रकान्यात एक शब्द आहे: अंधुक. तिची तक्रार खरं तर अशी होती: “तांदूळ निवडताना खडा दिसत नाही गं, आणि दातांखाली आला की तुझे आजोबा काही बोलत नाहीत, नुसते थांबतात.” हे कुठल्याही रकान्यात बसत नाही. मी स्वतः असेच रकाने बनवते. यादीतून निवडायचा पर्याय डॉक्टरचा वेळ वाचवतो, आणि बाहेर पंचवीस माणसं बसलेली असताना वेळ वाचवणं हेही रुग्णसेवेचंच काम आहे. पण आजीचं ऑपरेशन यशस्वी झालं की नाही हे ६/९ या आकड्यावरून ठरत नाही. खडा दिसायला लागला यावरून ठरतं.

राजाला नाही म्हणणं

तंजावरच्या कागदांकडे भाबडेपणानेही पाहता येत नाही. दरबारी नोंदीत कर्ता नेहमी राजा असतो. राजाने देऊळ बांधलं म्हणताना पाथरवटाचं नाव येत नाही, तसंच राजाने डोळा बरा केला म्हणताना औषध खलणारा, रुग्णाचं डोकं घट्ट धरून बसणारा, पट्टी बदलणारा, चित्र काढणारा आणि कागद लिहिणारा मागे राहतो. धन्वंतरी महालात देशी वैद्य होते, युरोपीय डॉक्टरांची मदत होती. ४४ हकिकती ही एका माणसाच्या हातांची कमाई नाही, एका यंत्रणेची आहे. आपण मात्र मेसेजमध्ये फक्त राजाचा हात पाठवतो.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. ज्या माणसावर उपचार होत होते तो राजाच्या छत्रात जेवणारा, राजाच्या दयेवर असलेला असेल, तर ‘नको’ म्हणण्याची त्याला किती मोकळीक होती? शंका फक्त राजांपुरती नाही. आधुनिक नेत्ररुग्णालयाचा जन्मच सैन्याच्या गरजेशी बांधलेला आहे. नेपोलियनच्या काळात इजिप्तच्या मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांनी डोळ्यांची साथ युरोपात आणली. तिने लंडन हैराण झालं आणि १८०५ च्या सुमारास आज मूरफील्ड्स म्हणून ओळखलं जाणारं रुग्णालय सुरू झालं. ईस्ट इंडिया कंपनीने १८१९ मध्ये मद्रासला रॉबर्ट रिचर्डसनच्या हाताखाली नेत्ररुग्णालय काढलं. ते जगातल्या सगळ्यात जुन्या नेत्ररुग्णालयांपैकी एक. गरिबांचा डोळा हा शिकण्याचा डोळा राहिला आहे, लंडनमध्ये, मद्रासमध्ये, आणि मुंबईतही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो अनुभवी हात विकत घेतो. ज्याच्याकडे नाहीत तो शिकणाऱ्या हाताखाली झोपतो. शिकवणाऱ्या कुठल्याही रुग्णालयाला हा प्रश्न सुटलेला नाही. वर उभा राहून प्रत्येक हालचाल बघणारा शिक्षक, आणि शिकाऊ माणसाच्या हातून झालेल्या प्रत्येक डोळ्याचा निकाल टिपणारी नोंद, एवढेच त्यावरचे प्रामाणिक उपाय आहेत.

मद्रास टिकलं, तंजावर थांबलं

तंजावर आणि मद्रास यांच्यात साडेतीनशे किलोमीटरही नाहीत. दोन्हीकडे एकाच काळात, १८२०च्या दशकात, डोळ्यांवर गंभीरपणे काम चालू होतं. मद्रासचं रुग्णालय रॉयपेट्टाहून एग्मोरला गेलं आणि आजही चालू आहे. भारतातली पहिली नेत्रपेढी १९४५ साली तिथेच उभी राहिली. तंजावरची नेत्रचिकित्सा सरफोजींबरोबर इतिहासात गेली. १८३२ मध्ये ते वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता गेले आणि कंपनीने संस्थान खालसा केलं. ग्रंथालय राहिलं, १९१८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. केसपेपर त्यात सुरक्षित होते आणि निकामीही.

फरक कशाचा? कौशल्याचा म्हणावा तर पुरावा तसं सांगत नाही. फरक असा की मद्रासमध्ये एक पद होतं. त्या पदावरचा माणूस बदलला तरी पद राहिलं. १८३५ मध्ये तिथे वैद्यकीय शाळा निघाली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या येत राहिल्या. तंजावरमध्ये पद नव्हतं, राजा होता. रुग्णसेवा होती, संशोधन होतं. पण राजा गेल्यावरही दरवर्षी नवे विद्यार्थी घेत राहील असं प्रशिक्षण नव्हतं. तीन पायांच्या तिवईचा एक पाय राजाच्या आयुष्याइतका लांब होता.

आपल्या मुंबईत हा तिसरा पाय १८४५ मध्ये आला, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयाच्या रूपाने. भाऊ दाजी लाड त्याच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी. पुढे त्याच आवारात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून डोळ्यांचं रुग्णालय उभं राहिलं. इथेही पैसा एका धनिकाचाच होता. पण तो एका कॉलेजच्या शेजारी गेला, त्यामुळे देणगी देणारा गेला तरी काम थांबलं नाही. आजही बोरीवली-विरारकडचा माणूस लोकल बदलत भायखळ्याला जातो आणि खिडकीवर केसपेपर काढतो, त्यात त्या शेजाराचा वाटा आहे.

मद्रासच्या साखळीची एक कडी तर फारच बोलकी आहे. १९५१ मध्ये त्या सरकारी नेत्ररुग्णालयातून एक तरुण डॉक्टर नेत्रशास्त्र शिकून बाहेर पडला. संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली होती. त्याने त्याच बोटांना हत्यार धरायला शिकवलं. निवृत्तीनंतर १९७६ मध्ये त्याने मदुराईला ११ खाटांचं रुग्णालय काढलं. हे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी, आणि ते रुग्णालय अरविंद. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर न देणाऱ्यांचे डोळे करायचे, शस्त्रक्रियेची प्रत्येक पायरी बांधून घ्यायची, आणि प्रत्येकाचा निकाल तपासायचा, ही तिथली रीत. परदेशी भिंग गरिबाला परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि शंभर डॉलरच्या आसपासचं भिंग दहा डॉलरच्या घरात आणलं. सुईवाला, राजा आणि कंपनी या तिघांना जे जमलं नव्हतं ते इथे जमलं: गरिबाचा डोळा आणि श्रीमंताचा डोळा एकाच वहीत, एकाच कसोटीवर.

वहीचं पुढचं पान

सॉफ्टवेअरमध्ये आमच्याकडे एक शेरा असतो: ‘फॉलो-अपला आले नाहीत’. अहवाल काढताना असे रुग्ण टक्केवारीतून वगळले जातात. गणित म्हणून ते चालतं. पण जो आला नाही तो बरा झाला म्हणून आला नाही, की गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून, की डोळा गेला आणि विश्वासही गेला म्हणून, हे त्या शेऱ्यातून कळत नाही. जे आले फक्त त्यांचीच नोंद ठेवली, तर आपण पुन्हा सुईवाल्याच्याच जागी जाऊन उभे राहतो: पहिल्या दिवसाचा उजेड पाहून समाधानी.

तंजावरच्या कागदांतून मला घ्यावीशी वाटते ती हीच गोष्ट. तिथे शस्त्रक्रियेबरोबर हकीकत संपत नाही, नंतरचं लक्षही लिहिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दृष्टी मोजायचा तक्ता नसताना, भूल नसताना, हातातून राज्य गेलेलं असताना, त्या किल्ल्यात कोणीतरी ठरवलं की ऑपरेशननंतर या माणसाचं काय झालं हे लिहून ठेवायचं. ते लिहिणाऱ्या कारकुनाचं नाव आपण कधी फॉरवर्ड केलेलं नाही.

पुढच्या आवृत्तीत आम्ही आमच्या प्रणालीत एक रकाना वाढवायचा म्हणतो आहोत. रुग्णाच्या शब्दांत तक्रार, मोकळं लिहिण्यासाठी, मराठीसकट हव्या त्या भाषेत. शेजारी दुसरा: महिन्यानंतर फोन करून विचारलेलं, तेव्हा काय करता येत नव्हतं आणि आता काय येतं. त्यावर मीटिंगमध्ये वाद चालू आहे. डॉक्टरांना वेळ नाही हा आक्षेप रास्त आहे, मोकळ्या मजकुराचा अहवाल निघत नाही हाही रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की हे काम डॉक्टरचं नसून लिहिणाऱ्याचं असू शकतं, आणि फोन करायला शिकवलेला एक माणूस नेमणं भिंगाच्या किमतीपुढे फार महाग पडत नाही. उदाहरण म्हणून मी मीटिंगमध्ये आजीचा खडा सांगितला. पुढच्या वेळी तंजावरचे ४४ कागद घेऊन जाणार आहे.